बीना–ग्वाल्हेर वाहिनीचा धडा

जाळ्यातून वाहणारी वीज रांजणात भरून ठेवलेल्या पाण्यासारखी नसते. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, हा तिचा कडक नियम. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली, की जनित्रांची गती मंदावते आणि सेकंदाला ५० आवर्तने ही ठरलेली वारंवारता उतरू लागते. एकाच जुवाखालच्या बैलांप्रमाणे जाळ्यातील सर्व जनित्रांना एका चालीने चालावे लागते. ती चाल बिघडली, की काय होते, हे आम्हां ग्वाल्हेरकरांना परके नसावे. कारण आमच्या गावाचे नाव त्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी तुटली. तिची जोडवाहिनी सुधारणेच्या कामासाठी आधीच बंद होती आणि उत्तरेकडील राज्ये आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढत होती. नवल असे, की वाहिनीत बिघाड मुळीच नव्हता. अतिभारालाच बिघाड समजून संरक्षक रिलेने ती तोडली. मग पश्चिमेची वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे धावू लागली. तोल ढळला आणि उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा तुटली. या खेपेस उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला झळ पोहोचली. आगगाड्या रुळांवर थांबल्या, पूर्वेकडील कोळसाखाणींत कामगार अडकले.

वारंवारता घसरताच काही वस्त्यांचा पुरवठा आपोआप तोडून उरलेले जाळे वाचवावे, अशी योजना असते. उत्तरेतील या योजनेकडून अपेक्षित साहाय्य मिळाले नाही, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. पहारेकरी नेमला, पण तो जागा आहे की नाही हे कोणी पाहिले नाही, असाच हा प्रकार.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि सारा देश एका चालीत आला. एकत्र कुटुंबाप्रमाणे यात आधार मोठा, तशीच शिस्तही मोठी. आपल्या आळीची वीज अचानक गेली, तर त्रागा करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की क्वचित त्या अर्ध्या तासाच्या अंधारानेच दूरच्या रुग्णालयातला दिवा तेवत ठेवलेला असतो.