ज्वर उतरतो तेव्हा : डेंग्यू आणि शरीराचा प्रतिकार

अलीकडे ज्वराचा रुग्ण दवाखान्यात येतो तो प्लेटलेटचा आकडा हातात घेऊनच. आपण नाडी पाहण्यापूर्वी तो कागद पुढे करतो आणि विचारतो, "प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?" औषधविक्रेत्या बंधूंच्या काउंटरवरही पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हीच मागणी असते. या मागणीच्या मुळाशी एक समजूत आहे : विषाणू हा शत्रू, प्रतिकारशक्ती ही सेना, आणि सेना जितकी मोठी तितका रुग्ण सुरक्षित. पुष्कळ व्याधींत या समजुतीने फारसे बिघडत नाही. डेंग्यूत मात्र ती घातक ठरू शकते. येथे जिवाला धोका निर्माण होतो तो विषाणू रक्तात सर्वाधिक असताना नव्हे, तर तो ओसरू लागल्यावर आणि ज्वर उतरल्यावर. असे का घडते याचा उलगडा गेल्या साठ वर्षांत बऱ्याच अंशी झाला आहे. त्याचा संबंध आपल्या रोजच्या व्यवहाराशी असल्याने तो येथे काहीसा विस्ताराने मांडत आहोत.

एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा डास दंश करताना लाळेबरोबर विषाणू त्वचेत सोडतो. तेथे पहारा देणाऱ्या शाखायुक्त पेशी असतात. परक्या कणाला गिळावे आणि त्याची वार्ता जवळच्या लसीकाग्रंथीपर्यंत पोहोचवावी, हे त्यांचे काम. डेंग्यूचा विषाणू नेमका या पहारेकऱ्यांतच शिरतो आणि त्यांच्याबरोबर लसीकाग्रंथीत पोहोचतो. संसर्ग झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. आपल्याला दिसणारा तीव्र संताप, अंगमर्द आणि डोळ्यांमागची वेदना हे पुष्कळ अंशी या इंटरफेरॉनचे आणि त्याच्या सहकारी द्रव्यांचे कार्य आहे. विषाणूही निमूट बसत नाही. त्याचे एनएस-५ हे प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोहोचवणारा दुवाच नष्ट करते. म्हणून पहिले तीन-चार दिवस विषाणूचे पारडे जड राहते. याच काळात विषाणूचे दुसरे एक प्रथिन, एनएस-१, रक्तात मोठ्या प्रमाणावर उतरते आणि पहिल्या दिवसापासून चाचणीत सापडू शकते.

चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास प्रतिपिंडे दिसू लागतात. पहिल्या संसर्गात प्रथम आयजीएम येते, आयजीजी सावकाश मागून येते. पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर क्रम पालटतो : आयजीजी लवकर आणि जोराने वाढते, आयजीएम कधी कधी क्षीणच राहते, आणि एनएस-१ ही लवकर दिसेनासे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी नकारार्थी आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही, आणि सहाव्या दिवशी एनएस-१ मिळाले नाही यावरूनही तसे म्हणता येत नाही. चाचणीच्या कागदावर ज्वराचा कितवा दिवस होता हे लिहिलेले नसेल तर त्या कागदाचे मोल निम्मेच.

आता मुख्य मुद्दा. डेंग्यूचा विषाणू एक नाही. त्याचे चार प्रकार आहेत. एकाचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर तिघांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शिरला तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेला कण गिळायचा, ही तर भक्षक पेशींची सवयच. त्या विषाणूला प्रतिपिंडासकट आत घेतात आणि तो आत जिवंत राहून वाढतो. ज्या किल्लीने दार बंद व्हायचे तिनेच ते उघडते.

ही कल्पना नुसत्या तर्कातून आलेली नाही. स्कॉट हॉलस्टेड हे अमेरिकन वैद्यक-संशोधक १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करीत असताना त्यांना दिसले की गंभीर डेंग्यू मुख्यतः दोन गटांत आढळतो : दुसऱ्यांदा संसर्ग झालेली मुले, आणि पहिलाच संसर्ग झालेली परंतु एक वर्षाच्या आतील अर्भके. दुसऱ्या गटाचे कोडे मातेपाशी सुटले. मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे आरंभी बाळाचे रक्षण करतात. सहा महिन्यांनंतर ती इतकी विरळ होतात की विषाणू रोखू शकत नाहीत, पण त्याला पेशीत नेण्यापुरती शिल्लक असतात. पुढे क्यूबामध्ये याचा जणू मोठ्या प्रमाणावर पडताळा आला. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि सौम्यपणे गेली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली तेव्हा सुमारे ३ लाख ४४ हजार रुग्ण नोंदले गेले आणि १५८ मृत्यू झाले. त्यांतील १०१ बालके होती. १९९७ मध्ये सँतियागो द क्यूबा येथे दुसरा प्रकार पुन्हा पसरला. तेव्हा गंभीर आजारी पडले ते प्रौढ, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या साथीतून गेलेले लोक. प्रतिपिंडांची स्मृती इतकी दीर्घ असते.

निकाराग्वातील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये हेही दिसले की प्रतिपिंडे भरपूर असतील तर संरक्षण मिळते. सर्वाधिक धोका मधल्या पातळीवर असतो. त्याच वर्षी फिलिपाइन्सने याची किंमत मोजली. तेथे २०१६ पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस देण्यात आली होती. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांना लसीनंतर झालेला संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले आणि डिसेंबरमध्ये तो कार्यक्रम थांबवावा लागला. त्या मुलांच्या दृष्टीने लस हाच जणू पहिला संसर्ग ठरला होता. अर्थात दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुसंख्य रुग्णही सुखरूप बरे होतात, हे येथे सांगितले पाहिजे. रुग्णाला घाबरवण्यासाठी ही माहिती नाही.

चरकसंहितेतील व्याधिक्षमत्व या शब्दाचे विवरण करताना चक्रपाणीने दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. आपण बोलताना दोहोंना एकत्र करून 'प्रतिकारशक्ती' म्हणून टाकतो. डेंग्यूच्या बाबतीत हा भेद जपलेला बरा.

पाचव्या दिवसाच्या आसपास काय होते ते पाहू. विषाणू ओसरतो, इंटरफेरॉन उतरते, ज्वर जातो. पण पूर्वीच्या संसर्गाची स्मृती असलेल्या टी-पेशी आणि इतर पेशी यांनी सोडलेल्या द्रव्यांचा प्रभाव तेव्हा शिखरावर असतो. एनएस-१ प्रथिन केशवाहिन्यांच्या आतील संरक्षक थर खरवडते, हेही संशोधनातून दिसले आहे. परिणामी केशवाहिन्या सच्छिद्र होतात आणि रक्तद्रव उदरात व फुफ्फुसाच्या आवरणात झिरपतो. रक्त घट्ट होते, हिमॅटोक्रिट वाढते, नाडी शीघ्र व क्षीण होते, हातपाय गार पडतात. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. एवढा काळ सांभाळला गेला तर रुग्ण बहुधा तरतो.

आपल्या ग्रंथांनी ज्वर सुटत असतानाची लक्षणे आणि ज्वरमुक्त झालेल्याची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. पहिल्यांत वमन, कंप, वैवर्ण्य, संज्ञानाश यांसारखी दारुण लक्षणे आहेत. दुसऱ्यांत लाघव, इंद्रियांची प्रसन्नता, अन्नाची इच्छा. संहिताकारांना डेंग्यू ठाऊक होता असा दावा आम्ही करीत नाही. परंतु थर्मामीटरचा पारा उतरणे म्हणजे ज्वरमुक्ती नव्हे, हा भेद त्यांनी शिकवला आणि आपण तो परीक्षेपुरता पाठ केला, असे खेदाने म्हणावे लागते.

आमच्याच चिकित्सालयातील अनुभव सांगतो. एका तरुणाचा ज्वर पाचव्या दिवशी उतरला. वडील आनंदाने अशक्तपणावर काही बलवर्धक द्या म्हणून आले. मुलगा घरी 'शांत झोपला आहे' असे म्हणाले. आम्हीही अवलेह बांधून देण्याच्या बेतात होतो. सहज विचारले, लघवी केव्हा झाली? रात्रीपासून झालेली नव्हती. तासाभरात रुग्णाला आणवले तेव्हा हात बर्फासारखे होते आणि वरच्या व खालच्या रक्तदाबात जेमतेम २० मिलिमीटरचे अंतर होते. त्याला तत्काळ रुग्णालयात धाडले आणि तो बरा झाला. पण त्याची ती 'शांत झोप' आम्ही विसरलेलो नाही.

प्लेटलेट कमी होतात त्या काही अंशी अस्थिमज्जेचे कार्य मंदावल्याने आणि काही अंशी प्रतिपिंडांच्या हातून. पण रुग्ण दगावतो तो बहुधा द्रव गळाल्याने, आकड्याने नव्हे. सिंगापूर व मलेशियातील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवल्याने लाभ दिसला नाही. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट वाढल्याचे काही अभ्यास सांगतात. गळती थांबते वा मृत्यू टळतो असे त्यांतून सिद्ध झालेले नाही. अर्क द्यायचा तर द्यावा, मात्र त्याच्या भरवशावर रुग्णाला घरी ठेवू नये.

चिकुनगुन्या याच डासातून येतो, पण त्याची चाल निराळी. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००५ च्या अखेरीस परतून २००६ मध्ये देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याची प्रतिपिंडे विश्वासू असतात, एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही. त्रास राहतो तो सांध्यांत रेंगाळणाऱ्या शोथाचा, कधी महिनोन्‌महिने. त्यामुळे वेदनाशामकांचा मोह होतो. आरंभीच्या दिवसांत मात्र हे दोन ज्वर नुसत्या लक्षणांवरून वेगळे ओळखणे कठीण असते, म्हणून डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळावीत. ज्वरासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. घटक न लिहिलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'बद्दल तर औषधविक्रेत्या बंधूंनी अधिकच कठोर असावे. त्यांत वेदनाशामक अथवा स्टेरॉइड मिसळलेले आढळते.

लंघनाविषयीही थोडे. लंघन म्हणजे निर्जल उपवास नव्हे. या ज्वरात षडंगोदक, लाजमंड, पेज, क्षारसंजीवनी यांचा घोट घोट मारा चालू ठेवावा. वमन-विरेचनाचा विचारही करू नये. गळतीच्या काळात सलाईन द्यायचे ते मोजून, देखरेखीखाली, कारण दोन दिवसांनी गळालेला द्रव परत रक्तात येतो आणि अतिरिक्त सलाईन फुफ्फुसात साठते. पोटात तीव्र वेदना, सतत वमन, हिरड्या वा नाकातून रक्त, अस्वस्थता किंवा विलक्षण ग्लानी, सहा तासांत लघवी नसणे यांपैकी एकही दिसले तर रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. आम्ही आता ज्वराच्या प्रत्येक केसपेपरवर पहिला दिवस कोणता ते ठळक लिहितो, आणि ज्वर उतरल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाला रोज बोलावतो.