विश्लेषण : ५०० रुपयांत बाल्कनीत भाजी पिकते का? सुरुवात कुठून करावी?

पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागली की ‘यंदा घरीच लावू’ असे अनेक जण ठरवतात. मग कुंड्या, माती, बियाण्यांची पाकिटे, फवारणीची बाटली असा हजार-दोन हजारांचा खर्च होतो आणि हाती येतात चार टोमॅटो. अनुभव नसताना, कमी पैशांत भाजी पिकवायची तर खर्च कशावर करावा, कशावर टाळावा आणि गच्चीवर किती वजन ठेवावे, याचे हे गणित.

घरची भाजी खरेच स्वस्त पडते का?

चार जणांच्या घरात रोज एक किलो भाजी धरली, तर महिन्याला ३० किलो लागते. तीन बाय आठ फुटांच्या बाल्कनीतून एवढी भाजी निघत नाही. त्यामुळे ‘मंडईत जाणेच बंद’ ही अपेक्षा आधीच सोडलेली बरी. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर नवख्यांनी टाळावेत. फ्लॉवरचे रोप अडीच-तीन महिने कुंडी अडवते आणि एकच गड्डा देते.

बचत होते ती थोड्या-थोड्या लागणाऱ्या आणि लवकर सुकणाऱ्या जिनसांत. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, हिरवी मिरची, लसणाची पात ही त्याची उदाहरणे. आमटीवर टाकायला चार काड्या हव्या असतात, पण जुडी पूर्ण घ्यावी लागते आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते. दारातल्या खोक्यातून हवी तेवढीच खुडता येते. दुसरा फायदा पावसाळ्यातला. संततधारेत शेतातील पालेभाजी सडते, बाजारातील आवक घटते आणि भाव चढतात. छत असलेल्या बाल्कनीत तेच पीक पावसाच्या माऱ्यापासून वाचते.

बाल्कनीत ऊन किती, हे कसे ओळखायचे?

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे काम करावे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ५ पर्यंत दर तासाला मोबाइलवर बाल्कनीचा फोटो काढायचा. जिथे खोके ठेवायचे, तिथे थेट ऊन किती फोटोंत दिसते ते मोजायचे. सहा किंवा जास्त तास ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी जमते. तीन ते पाच तास असेल तर पालेभाज्या लावाव्यात. त्याहून कमी असेल तर अळू, पुदिना आणि लसणाची पात एवढ्यावर समाधान मानावे.

हे ऊन वर्षभर सारखे नसते. डिसेंबरमध्ये मुंबईत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडील बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते आणि उत्तरेकडील बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. मेच्या मध्यात ‘शून्य सावली दिवशी’ सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब दक्षिणेकडचे दुपारचे ऊन अडवतो. म्हणून ऋतू बदलला की फोटोंची ही तपासणी पुन्हा करावी.

५०० रुपये कशावर खर्च करायचे?

भांड्यांवर शून्य. मासळी बाजारातील थर्माकोलचे खोके, फळवाल्याकडचे क्रेट, रंगाची स्वच्छ धुतलेली २० लिटरची बादली, आडवा कापलेला तेलाचा पाच लिटरचा कॅन, यांपैकी काहीही चालते. क्रेटला आतून जुने गोणपाट लावावे. रसायने किंवा कीटकनाशके भरलेले कॅन मात्र वापरू नयेत. प्रत्येक भांड्याच्या तळाला पेन्सिलीच्या जाडीची पाच-सहा छिद्रे हवीतच.

मग ५०० रुपयांतील सुमारे ३०० रुपये माती, खत आणि कोकोपीटसाठी ठेवावेत. १०० रुपयांत मिरचीची दोन-तीन रोपे आणि पालक, माठाचे बियाणे घ्यावे. उरलेले १०० रुपये निंबोळी तेलासाठी राखावेत. शहरानुसार भाव कमी-जास्त होतील, पण अर्ध्याहून जास्त पैसे मातीवर हे प्रमाण बदलू नये. अवजारांचा संच लागत नाही. माती उकरायला जुना चमचा आणि पाणी घालायला झाकणाला छिद्रे पाडलेली बाटली पुरते.

माती कशी तयार करायची?

कुंडीत नुसती काळी माती भरली तर ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगडासारखी घट्ट होऊन तडकते. सोपे मिश्रण असे : एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो हलका असतो आणि पाणी धरतो, पण त्यात पोषणद्रव्ये जवळपास नसतात. निव्वळ कोकोपीटमध्ये मेथी उगवते आणि काही दिवसांत पिवळी पडते, त्याचे कारण हेच. चांगले कुजलेले शेणखत काळपट आणि भुसभुशीत असते, त्याला शेणाचा वास येत नाही.

पुढच्या हंगामाचे खत घरीच होऊ शकते. छिद्रे पाडलेल्या बादलीत भाजीची देठे-साले आणि त्याच्या दुप्पट सुका पाला असे थर द्यायचे आणि आठवड्यातून एकदा हलवायचे. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. ओला कचरा थेट कुंडीत टाकला तर चिलटे येतात आणि मुळांना त्रास होतो.

मुंबईत याचे जुने दाखले आहेत. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरील शेतीसाठी उसाचे चिपाड आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने २००२ पासून स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. दोन्हीकडे मुख्य भांडवल होते ते फुकट मिळणारा कचरा.

पहिल्या महिन्यात काय लावायचे?

मेथी : डब्यातील मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि २५ ते ३० दिवसांत भाजी तयार होते.

कोथिंबीर : धणे हलके रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ ते १२ दिवस लागतात. तोवर ‘बियाणे खराब निघाले’ म्हणून खोके उकरू नये. साधारण ४० दिवसांत कापणी होते.

लसणाची पात : कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर ठेवून लावा. दोन-तीन आठवड्यांत पात खुडता येते.

पुदिना : बाजारातील जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पाने काढून पाण्यात ठेवा. मुळे फुटली की मातीत लावा.

डब्यातील दाणे जुने असण्याची शक्यता असते. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सहा-सात मोडले तर पेरायला हरकत नाही. पालेभाज्यांना सहा इंच खोलीची माती पुरते. मिरचीला दहा ते १२ इंच हवी.

कोणत्या ऋतूत काय?

नवख्यांसाठी सर्वांत सोपा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या दिवसांत मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, टोमॅटो चांगले येतात. मार्च ते मे माठ, चवळी, भेंडी, गवार लावावी. या उन्हात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर जाते. जून ते सप्टेंबर अळू, मायाळू, अंबाडी आणि मिरचीची रोपे यांचा काळ.

गच्चीवर किती कुंड्या चालतील?

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. १२ इंची कुंडीत साधारण २० लिटर माती मावते. पाणी घातल्यावर तिचे वजन ३०-३५ किलो होते. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ कुंड्या चिकटून ठेवल्या तर भार ३०० किलोच्या आसपास जातो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या संहितेत वापरातील गच्चीसाठी चल भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो धरला आहे. निवासी बाल्कनीसाठी तो किमान ३ किलोन्यूटन आहे. म्हणजे गच्चीच्या मधोमध कुंड्यांची दाटी केली तर हिशेबाच्या दुप्पट भार पडतो.

म्हणून हलके मिश्रण आणि उथळ खोकी वापरावीत, ती भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर मांडावीत आणि अंतर ठेवावे. इमारत जुनी असेल, स्लॅबमधून गळती असेल किंवा सळई दिसत असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीवर माती चढवू नये. खिडकीच्या ग्रिलवर आणि कठड्यावर सुटी कुंडी तर ठेवूच नये. वाऱ्याने पडली तर खाली चालणाऱ्याच्या डोक्यात जाईल.

पाणी, डास आणि शेजाऱ्यांचे काय?

नवख्यांची झाडे पाण्याच्या कमतरतेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. खोक्याखाली दोन विटा आणि ताटली ठेवली की खालच्या मजल्यावर चिखल गळत नाही आणि सोसायटीत वाद होत नाहीत.

पण त्याच ताटलीत पाणी साचले तर डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे प्रत्येक ताटली आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी. अळ्या आढळल्यास महापालिका नोटीस बजावते, ते वेगळेच.

कीड लागली तर?

मिरचीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा हमखास येतो. सुरुवातीला ओल्या कापसाने पुसून काढावा. वाढला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून सायंकाळी फवारावे, पानांच्या खालूनही. आठवड्याने पुन्हा फवारणी करावी.

पुढचे पैसे कधी घालायचे?

मोबाइलमध्ये तीनच नोंदी ठेवाव्यात : काय पेरले, कधी पेरले, किती निघाले. दोन महिन्यांत मेथीच्या दोन आणि कोथिंबिरीची एक कापणी झाली, तर ऊन आणि माती जमली असे समजावे आणि मग टोमॅटो-वांग्यासाठी मोठी भांडी जोडावीत. पीक आले नाही तर आधी उन्हाचे तास आणि पाणी तपासावे. तोवर नवी कुंडी विकत घेऊ नये.