सतरा सेंटिमीटरची पोफळ

मुरुडला आगगाडी येत नाही. रोह्याला उतरायचं आणि पुढचा सगळा प्रवास रस्त्याने करायचा. तरीही छोट्या रेल्वेचा देखावा उभारायचा असेल, तर एवढा ऐवज एका नजरेत देणारी दुसरी जागा मला रायगडच्या किनाऱ्यावर दिसत नाही. समुद्रात जंजिरा आणि पद्मदुर्ग, पुळणीलगत सुरूची झाडं, त्यांच्या मागे माड-पोफळीच्या वाड्या आणि पाठीशी हिरवे डोंगर. इंजिन, डबे, रूळ पैसे मोजून मिळतात. ही जमीन कुठेच विकत मिळत नाही. परदेशी खोक्यांतून निघतात ती सूचिपर्णी झाडं आणि बर्फासाठी उतरती केलेली युरोपी छपरं. पोफळ आपली आपणच करावी लागते, आणि या छंदातलं खरं सुख मला तिथेच वाटतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या होत्या. त्या संग्रहालयात गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, दिवस मावळून घराघरांत दिवे लागतात. मुलं इंजिन बघायला येतात, पण थोड्याच वेळात त्यांची बोटं रुळांपलीकडच्या रस्त्याकडे आणि सर्कशीच्या तंबूकडे वळतात. गाडी सतत फिरत असते. नजर ठरते ती जमिनीवर.

जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. या हिशेबाने एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो आणि माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. आता कोकण रेल्वे घरात आणून बघा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल पाऊण मीटरवर येतो, तो करता येईल. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र ७५ मीटरचा होतो. शिवाय भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं १,६७६ मिलिमीटरचं अंतर इथे १९ मिलिमीटरच्या वर जातं, तर बाजारातला एचओ रूळ परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजवर बेतलेला, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचा. आपले डबे त्यावर रुळांच्या मानाने रुंद दिसतात.

म्हणून मुरुडसाठी माझी निवड वेगळी आहे. आपल्याच जिल्ह्यात १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी धावते. तिचं गेज ६१० मिलिमीटर, चढ काही ठिकाणी १:२० आणि वळणं इतकी तीव्र की टेबलाच्या कोपऱ्यातही शोभावीत. १:८७ मध्ये तिचा रूळ सात मिलिमीटरचा हवा. एन प्रमाणाचा नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो, तो चालवून घ्यावा. अशीच एक अरुंद गाडी सुपारी, नारळ आणि मासळी वाहण्यासाठी वाड्यांमधून खाडीकडे गेली असती, अशी कल्पना करायची. ही गाडी कल्पनेतली, म्हणून तिच्याभोवतीचं बाकी सगळं मोजून-मापून खरं असावं.

जमीन तयार करण्याचं तंत्र मराठी घराला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात विटा-दगडांचा ढिगारा, त्यावर मातीत बुडवलेलं गोणपाट, मग मातीचा लेप आणि वर अळीव किंवा मोहरीची पेरणी असते. रेल्वेच्या देखाव्यातही हाच क्रम चालतो, फक्त वजन कमी ठेवायचं. प्लायवूडच्या चौकटीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची, त्यावर पातळ प्लॅस्टरमध्ये भिजवलेलं कापड किंवा कागद अंथरायचा आणि वाळल्यावर रंग द्यायचा. गवतासाठी हिरव्या छटांत रंगवलेला लाकडाचा भुसा पुरतो. एका छटेचं गवत सतरंजीसारखं दिसतं. किमान तीन छटा मिसळाव्यात. किल्ल्यावर वीतभर उंचीचे महाराज आणि बोटभर उंचीचे मावळे एकत्र नांदतात, कारण तिथे मान उंचीने मोजला जातो. रेल्वेत ही मुभा नाही. एक बादली मोठी झाली तरी सगळं गाव खोटं पडतं.

आता पोफळ. पंधरा मीटरची पोफळ १:८७ मध्ये सतरा सेंटिमीटरची होते, आणि तिचं वीतभर जाडीचं खोड दोन मिलिमीटरच्या आसपास येतं. हे माप हाताशीच आहे: खराट्यातला नारळाच्या झावळीचा हीर. तो जाड टोकाकडून कापायचा, राखाडी रंग द्यायचा आणि पातळ ब्रशने अंतराअंतरावर फिक्या आडव्या रेघा ओढायच्या, कारण गळून पडलेल्या विऱ्यांच्या खुणा खोडावर कायम राहतात. शेंड्याच्या खाली एक हिरवा, गुळगुळीत तुकडा असतो, तो विसरला तर झाड पोफळीचं वाटत नाही. पानं कागदाची, दोन्ही कडांना कात्रीने बारीक चिरलेली. माडाचं तंत्र निराळं. त्याचं खोड तळाशी फुगतं आणि पुष्कळदा वाकतं, म्हणून तिथे तारेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळावी. पोफळी सरळ आणि दाट, माड मोकळे आणि कलते, हा फरक साधला की वाडी झालीच. मग विहीर, पाण्याचे पाट, मिरीचे वेल आणि कडेचा गडगा.

रुळांखालच्या खडीसाठी पुळणीवरची वाळू आणण्याचा मोह होतो. खऱ्या रुळांची खडी साधारण पाच-सहा सेंटिमीटरची, म्हणजे इथे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर. चाळलेली वाळू मापाला बरोबर बसते. पण ती गोड्या पाण्याने अनेकदा धुवावी लागते, नाहीतर मीठ हवेतला ओलावा ओढून रूळ गंजवतं. धुऊन वाळवल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं. किनाऱ्याच्या वाळूत लोहयुक्त काळे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक ते आत खेचून घेतं. खडी अंथरून झाली की फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडायचं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मिश्रण कणांमध्ये मुरतं आणि खडी जागची हलत नाही.

जंजिरा मापात करू नये. त्याचा तट समुद्रातून सुमारे बारा मीटर उठतो, म्हणजे १:८७ मध्ये चौदा सेंटिमीटर; हे जमेल, पण त्याच मापाने किल्ल्याचा पसारा अख्खी खोली व्यापेल. तो पार्श्वभूमीला १:४५० मध्ये घ्यावा. तट तीन सेंटिमीटरहून कमी राहतो, रंगात थोडी निळसर राख मिसळली की तो आपोआप लांब जातो.

पद्मदुर्गासाठी मात्र मी एक तुकडा मोठ्या मापात करायला सांगेन. तिथे खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच उभा राहिला आहे. नेहमीची दगडी भिंत करताना आपण सांधे कोरतो, इथे ते उठून दिसायला हवेत. मऊ फोमच्या पत्र्यावर सांध्यांच्या रेघा खोल दाबायच्या, तेल लावून त्यावर प्लॅस्टर ओतायचं. सुटून आलेल्या तुकड्यावर रेघा वर आलेल्या असतात. मग दगडांचे पृष्ठभाग टोचणीने आणखी खरवडायचे. अशी भिंत कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही.

इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियाहून आलेला माणूस १९२०च्या दशकात खेड्यांमधून हिंडला. जुनी घरं डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्याने ती छोट्या प्रमाणात जपायचं ठरवलं. त्यातून १९५४ साली पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथे रेल्वे आहे, पण मुख्य पात्र आहे ते शेतं, कुंपणं आणि गवताने शाकारलेली घरं असलेला तो मुलूख. एकेक घर मोजून केलेलं.

मुरुडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या माड-पोफळी आडव्या झाल्या. नवीन पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि पूर्वीची दाटी यायला त्याहून जास्त. पडलेली वाडी कशी होती हे आज घराघरांतल्या लग्नामुंजीच्या फोटोंच्या पार्श्वभूमीत आहे: विहिरीपासून पहिली रांग किती पावलांवर, गडग्यात बेडं कुठे, पडवीला खांब किती. फोटोत झाडाला किंवा खांबाला लागून उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून त्या झाडाची, खांबाची उंची काढता येते. ती ८७ ने भागायची आणि वहीत लिहायची. घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवून हे केलं, तर फोटोच्या चौकटीबाहेरचं झाड कुठलं होतं तेही कळतं.

देखावा ६० बाय १२० सेंटिमीटरच्या सुट्या फळ्यांवर करावा. पावसाळ्यात किनाऱ्याच्या हवेत प्लॅस्टर ओलं होतं, कागदी पानांना बुरशी धरते आणि प्लायवूडला वाळवी शोधत येते. जूनच्या आधी फळ्या सोडवून, कापडात गुंडाळून माडीवर उभ्या ठेवाव्यात आणि रूळ पुसून त्यांना तेलाचा हलका हात द्यावा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की फळ्या पुन्हा जोडायच्या. मुलं अंगणात किल्ल्यासाठी माती कालवत असतात तेव्हाच हे काम काढलं, तर हाताखाली माणसं भरपूर मिळतात.