अर्क गोगलगायीचा, पाणी माशांचे

हर्णे म्हणजे बंदर, सुवर्णदुर्ग आणि संध्याकाळचा मासळीचा लिलाव, एवढेच बाहेरच्या माणसाला ठाऊक असते. पण समुद्राकडे पाठ केली की आगरे लागतात. माड, पोफळी, त्यांच्या बुडाशी केळी, कुठे पानवेल, कुठे जायफळ. अशी ओली सावली आफ्रिकन गोगलगायीला भलतीच मानवते. मृगाचा पाऊस झाला की ती रात्री बाहेर पडते आणि उजाडायच्या आत पाचोळ्यात, नाहीतर गडग्याच्या फटीत शिरते. सकाळी दिसते ती पानावरची वाळलेली चकचकीत रेघ आणि कुरतडलेला कोंब. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात. ती पान चावत नाही, किसून काढते.

ही मूळची आपल्याकडची नव्हे. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज शंख-अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथल्या बागेत सुटली आणि पुढे देशभर पसरली. नर-मादी एकाच देहात, एका वेळी शेकडो अंडी, आणि कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून महिनोन्‌महिने पडून राहायची चिकाटी. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपे फस्त केली आणि पुष्कळांवर दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा कुठे या प्राण्याची सरकारदरबारी दखल घेतली गेली.

दुकानात मिळणारे औषध म्हणजे मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. गोगलगाय मरते, पण गोळ्या खाऊन कुत्रीही दगावतात. ब्रिटनने 2022 पासून उघड्यावर त्या वापरायला बंदी घातली. त्यामुळे झाडपाल्याच्या अर्काकडे लोकांचा ओढा वाढतो आहे, आणि त्यात तथ्यही आहे.

रिठा किंवा शिकेकाई पाण्यात चोळली की फेस येतो तो सॅपोनिनमुळे. हे द्रव्य पेशीच्या आवरणाला भोके पाडते, आणि गोगलगायीचे अंग म्हणजे सगळी उघडी, ओली कातडी. 1964 मध्ये इथिओपियात अकलिलु लेम्मा या संशोधकांना नदीवर एक गोष्ट दिसली. बायका 'एंडोड' नावाची फळे चोळून कपडे धुवत होत्या आणि त्या जागेच्या खालच्या अंगाला गोगलगायी मरून पडल्या होत्या. त्यांना पिकाची नव्हे, गोगलगायींमार्फत माणसात शिरणाऱ्या रक्तकृमींची काळजी होती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यालाही हा रोग अगदीच परका नाही. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शाह यांनी 1952 मध्ये असेच रुग्ण नोंदवले होते.

कोकणातला दुसरा उमेदवार आणखी जवळचा आहे, काजूचे टरफल. कच्चा काजू फोडताना जे तेल हाताला उतते, त्यातले अ‍ॅनाकार्डिक आम्ल गोगलगायींना मारते, हे 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी की बी तापवली की हे आम्ल बदलून दुसरेच द्रव्य होते आणि त्याचा कस उतरतो. म्हणजे भट्टीतून निघालेली टरफले आगरात आणून टाकली, तर पदरात फार काही पडायचे नाही.

पण प्रयोगांचे बहुतेक आकडे पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. भांड्यात अर्क, त्यात गोगलगाय, चोवीस तासांनी मोजणी. आगरातली गोगलगाय काही भांड्यात बसत नाही. अंगावर फवारा पडला की ती बुळबुळीत चिकटा सोडते, निम्मे औषध त्यातच निघून जाते आणि ती शंखात शिरते. वर आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. संध्याकाळी मारलेला अर्क रात्रीत पानावरून धुऊन पऱ्यात.

माझी खरी हरकत इथे आहे. गेळ्याची फळे, कुंभ्याची साल, रामेठा यांनी डोहातले मासे गुंगवून धरायची रीत सह्याद्रीत जुनी आहे. सॅपोनिन माशाचे कल्ले निकामी करते. मत्स्यतळी साफ करायला मोहाची पेंड हेक्टरी अडीच हजार किलोपर्यंत टाकतात, ती याचसाठी. त्या तळ्यात दोन-तीन आठवडे मासे सोडता येत नाहीत. हीच पेंड हिरवळीवर घातली की गांडुळे वर येऊन मरतात. गोगलगायी बाहेर पडतात ते दिवस आणि चढणीचे मासे पऱ्यातून वर येण्याचे दिवस एकच. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि घराघरात याच ओढ्या-खाडीतल्या मासळीवर जेवण होते. अशा वेळी 'झाडपाल्याचेच तर आहे' म्हणत पंप भरून आगर भिजवणे मला पटत नाही.

केरळच्या वन संशोधन संस्थेचा उपाय जमिनीवरच्या गोगलगायीसाठीच आहे: 25 ग्रॅम तंबाखू दीड लिटर पाण्यात उकळून एक लिटर करायची, दुसऱ्या एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम मोरचूद विरघळवून दोन्ही मिसळायचे. गुण येतो. पण मोरचुदातले तांबे माशांना जहर, म्हणून हा फवारा ओढ्यापासून लांब, उघडीप बघून, गोगलगायी जिथे गोळा होतात तेवढ्याच जागी मारावा.

त्या गोळा करायच्या कशा? गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पोफळीच्या बुडाशी अंथरायचे, खाली पपईची पाने. सकाळी गोणपाट उलटले की सगळा जमाव हाती लागतो. उघड्या हाताने उचलू नये. उंदरांतला एक कृमी तिच्यात वाढतो आणि माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. हातमोजे नाहीतर चिमटा घ्यावा. मारायला मिठाचे दाट पाणी चालते, पण ती बादली पोफळीच्या आळ्यात ओतू नये, मुळे जळतात.