संशोधनवृत्ति आणि आपलें घर

पर्यावरणशास्त्रांत किंवा शेतकीत एम्. एस्सी. झालेली मुलगी ‘मला नोकरी नको, मी संशोधन करणार’ असें म्हणूं लागली, म्हणजे घरांतील वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. पांच वर्षें रानांत नाहीं तर शेताच्या बांधावर ही काय करणार, आणि पोटाचें काय?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेंत कनिष्ठ फेलोशिप मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व, काम समाधानकारक ठरल्यास, पुढें ४२,००० रुपये मिळतात, घरभाडें निराळें. शेतकी शाखांकरितां भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या वृत्त्या आहेतच.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र रुपयांत देतां येत नाहीं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचेंच पहा. विद्यापीठाची पदवी नसलेले हे गृहस्थ १९२९ सालीं बर्लिनला जाऊन प्रो. स्ट्रेसेमान यांजपाशीं शिकले आणि परत येऊन पाहतात तों मुंबईच्या संग्रहालयांतील त्यांची जागाच पैशाअभावीं रद्द झालेली! बिऱ्हाड अलिबागेजवळ किहीमला गेलें. तेथें ते सुगरणीच्या घरट्यांपुढें तासन्‌तास बसून राहिले. पाहणारांस तो निव्वळ रिकामपणा वाटला असेल. नर घरटें अर्धेंच विणतो, मादी तें पारखून पसंत करते, मग तो तें पुरें करून दुसरें विणावयास व दुसरी मादी शोधावयास लागतो, हें त्यांनीं तेथें टिपलें व १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. (विणणारा नर, आणि नांव मात्र ‘सुगरण’!) हल्लीं वृत्ति देतात ती अशाच बसून राहण्याच्या वेळाकरितां.

आणि हें सारें मुंबईकरांस लांबचें नाहीं. गोरेगांवीं पूर्वेस, चित्रनगरीकडे, राष्ट्रीय उद्यानाचें रान जेथें वस्तीस भिडतें, तेथें १८८३ सालीं निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें निसर्गशिक्षण केंद्र ३३ एकरांवर आहे. त्याच बाजूस रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेथें शेती व पर्यावरण यांचा अर्थशास्त्राच्या अंगानें अभ्यास होतो, आणि पीएच्. डी. करणारांस वृत्ति मिळते. मुलीस घेऊन एकदां तिकडे जाऊन यावें.

सुनेच्या बाबतींतही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘नेट’च्या या फेलोशिपला वयाची मर्यादा ३० वर्षांची असली, तरी स्त्रियांस पांच वर्षांची सवलत आहे. मात्र वृत्तीचा हप्ता वेळेवर येतोच असें नाहीं. कधीं कधीं महिनोन्‌महिने रखडतो. तेवढ्या दिवसांत तरी घरखर्चाच्या वहींत तिच्या नांवावर बाकी लिहूं नये.