पोटॅशियम चढेना, तेव्हा

आज सोडियमची पाळी होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण साताऱ्याच्या एका वाचकांनी माझ्या फार आवडीच्या विषयाला हात घातलाय. त्यांच्या आई हार्ट फेल्युअरमुळे आयसीयूत होत्या. पोटॅशियम 2.9. सलाईनमधून पोटॅशियम चालू होतं, तरी आकडा तीनच्या आसपासच घुटमळत राहिला. मग डॉक्टरांनी मॅग्नेशियम दिलं आणि पोटॅशियम वर आलं. ते विचारतात, ‘कमी एक आणि दिलं दुसरंच, हे कसं?’

याचं उत्तर मूत्रपिंडात आहे. तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये पोटॅशियम लघवीत सोडणाऱ्या वाटा असतात. पेशीतलं मॅग्नेशियम या वाटांच्या तोंडाशी आतून बुचासारखं बसतं. ते घटलं की वाट मोकळी होते आणि वरून दिलेलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. फुफ्फुसात साठलेलं पाणी उतरवायला लॅसिक्स द्यावंच लागतं, आणि ते तर दोन्ही क्षार बाहेर काढतं! अशात डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, तर नेहमीच्या मात्रेतही त्याची विषबाधा होऊ शकते.

बरं, रिपोर्टवर विसंबावं, तर शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात फिरतं. बाकीचं हाडांत आणि पेशींत. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशींत खडखडाट, असं सर्रास घडतं. पोटॅशियम हटून बसलं, की मी त्या रिपोर्टपेक्षा या हट्टावर जास्त विश्वास ठेवतो.

मग हृदयाच्या प्रत्येक रुग्णाला मॅग्नेशियम देऊनच टाकावं का? तेही करून झालंय. 1992 साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅकचा संशय असलेल्या 2,316 जणांचे निष्कर्ष मांडले: 28 दिवसांतले मृत्यू 10.3 टक्क्यांवरून 7.8 वर. मोठीच आशा निर्माण झाली. 1995 मध्ये ‘आयसिस-4’ या 58,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र काहीच फायदा दिसला नाही. मॅग्नेशियमचे पक्षपाती म्हणाले, ‘तुम्ही उशिरा दिलंत.’ म्हणून 2002 च्या ‘मॅजिक’ चाचणीत 6,213 रुग्णांना ते लवकर देऊन पाहिलं. तरीही फरक शून्य. माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. सरसकट द्यायचं हे औषध नव्हे. अपवाद ‘टॉर्साड’ या ठोक्यांच्या जीवघेण्या गडबडीचा. तिथे रक्तातला आकडा काहीही असो, मॅग्नेशियम शिरेतून लगेच देतात.

तेव्हा सातारकर, आईंसाठी दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या परस्पर आणू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेच मॅग्नेशियम साठतं आणि ठोके मंदावतात. लॅसिक्स चालू आहे तोवर डॉक्टरांना विचारून पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचा अंदाज देणारं क्रिएटिनिनही तपासून घेत जा.