पाच इंचांचे तुकडे : शिवणकामाची सुरुवात कुठून करावी

या मालिकेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांबद्दल बोलतो. आज सुई-दोऱ्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने शिवणावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण न्याय-वैशेषिकांनी अवयव आणि अवयवी यांचा विचार करताना जे उदाहरण पुन्हा पुन्हा घेतलं, ते तंतू आणि पट यांचंच आहे. म्हणजे कापड आपल्या शास्त्रात आधीपासून आहे. आज फक्त ते हातात घेऊ.

प्रश्न असा आहे : ज्याला शिवण अजिबात येत नाही, त्याने सुरुवात कशाने करावी? पुष्कळ जण एकदम झबलं किंवा कुर्ता काढतात. मुंडा बसत नाही, गळा फाकतो आणि मशीनवर पुन्हा चादर पडते. कारण तिथे मापं घेणं, कापणं, वळणावर शिवणं ही तीन कामं एकाच वेळी शिकावी लागतात. आधीच कापलेले छोटे चौकोन घेतले तर पहिली दोन बाजूला राहतात. उरते ती सरळ शिवण. एका वेळी एकच गोष्ट शिकायची, हे वर्गातलं जुनं सूत्र इथेही लागू पडतं.

बाजारात असे तयार संच मिळतात. पाच इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला चार्म पॅक म्हणतात, दहा इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला लेयर केक, आणि अडीच इंच रुंद पट्ट्यांच्या गुंडाळीला जेली रोल. नावं खाऊची असली तरी माल कापडाचा आहे. ते महाग वाटत असतील तर आपल्या घरातला ब्लाऊजपीस काढा. ओटीत आलेले, न शिवलेले किती तरी पडून असतात. 80 सेंटीमीटर लांब आणि 36 इंच पन्ह्याचा पीस असेल, तर त्यातून पाच इंची चौकोन 6 गुणिले 7 म्हणजे 42 निघतात. जाड पुठ्ठ्याचा पाच इंची चौकोन कापून घ्या, तो ठेवून पेन्सिलीने आखा आणि कापा.

त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, घरचं कापड आधी धुऊन घ्यायचं. सुती कापड आटतं आणि गडद रंग जातो. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहिला की रंगाचा स्वभाव कळतो. तयार संच मात्र धुवायचे नाहीत, त्यांच्या कडांचे दोरे सुटतात. दुसरी गोष्ट धाग्याची दिशा. उभ्या धाग्यात कापड ओढलं तर फारसं ताणत नाही, आडव्यात थोडं ताणतं, आणि तिरकं, म्हणजे उरेब ओढलं तर चांगलंच ताणतं. चौकोन नेहमी उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापायचा. उरेब कापलेला चौकोन शिवताना वेडावाकडा होतो आणि दोष मात्र शिवणाऱ्याला लागतो.

आता माप. शिवणीसाठी कडेला पाव इंच सोडायचा. पाच इंची चौकोन दोन्ही बाजूंनी शिवला की साडेचार इंच दिसतो. हा पाव इंच सगळीकडे सारखा यायला हवा. समजा, शिवण अर्धा सूत आत गेली. सूत म्हणजे सुतारकामातलं माप, इंचाचा आठवा भाग. दोन्ही तुकडे अर्धा-अर्धा सूत आत गेले, म्हणजे एका शिवणीला एक सूत गेलं. दहा चौकोनांच्या ओळीत नऊ शिवणी असतात. नऊ सूत, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. आणि शेजारची ओळ बरोबर शिवली असेल तर दोन ओळी जुळणार कशा? म्हणून मशीनच्या पट्टीवर, सुईपासून पाव इंचावर, चिकटपट्टी लावून ठेवावी आणि कापडाची कड तिला धरून चालवावी. नजर सुईवर ठेवायची नाही, चिकटपट्टीवर ठेवायची.

मशीन नसेल तर हाताने शिवा. साधा धावदोरा चालतो. इंचाला आठ-दहा टाके, आणि चार-पाच टाक्यांनंतर एक टाका मागे घ्यायचा, म्हणजे शिवण उसवत नाही.

आता चार वस्तू क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक वस्तू एक नवी गोष्ट शिकवते.

पहिली वस्तू, चहाच्या कपाखालची चौकट. दोन चौकोन आणि जुन्या टॉवेलचा तेवढाच तुकडा. खाली टॉवेल, त्यावर एक चौकोन सुलट बाजू वर करून, त्यावर दुसरा सुलट बाजू खाली करून. चारही बाजूंनी पाव इंचावर शिवा, एका बाजूला दोन इंच उघडं सोडा. कोपरे तिरके छाटा, पण शिवणीला कात्री लागू देऊ नका. उघड्या जागेतून उलटवा, बोथट पेन्सिलीने कोपरे बाहेर काढा, इस्त्री करा, आणि भोवती कडेला एक शिवण फिरवा. त्यातच उघडी जागा बंद होते. इथे आपण उलट-सुलट शिकलो.

दुसरी, गरम भांडं उतरवायचं जाड फडकं. चार चौकोन दोन-दोन जोडायचे. इथे शिवणी जुळवणं शिकायचं. वरच्या जोडीची शिवण इस्त्रीने डावीकडे पाडा, खालच्या जोडीची उजवीकडे. जोड्या एकमेकींवर ठेवल्या की दोन शिवणी एकमेकींत अडकतात आणि मधला चौक बरोबर येतो. इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. आत टॉवेलचे दोन थर घाला आणि बाकी पहिल्यासारखंच. सगळं सुती हवं. पॉलिएस्टर उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटतं.

तिसरी, बटवा. पुढे चार चौकोन, मागे चार. सुलट बाजू आत ठेवून तळ आणि दोन्ही बाजू शिवा, पण वरून तीन इंच बाजू उघड्या ठेवा. उघड्या कडा आत दुमडून शिवून टाका. मग वरची कड दीड इंच आत दुमडून पुढे-मागे नेफा करा. दोन नाड्या घ्या, एक डावीकडून घालून सगळा वेढा फिरवून डावीकडेच बाहेर काढायची, दुसरी तशीच उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड मिटतं. चष्मा, औषधं, किल्ल्या यात राहतात.

चौथी, उशीचा अभ्रा. तीन गुणिले तीन, नऊ चौकोन. शिवल्यावर कडेच्या मार्जिनसह 14 इंच होतात. पाठीला 14 बाय 10 इंचांचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवा. आता ते 9 इंचांचे उरले. दुमडलेल्या कडा मध्ये येतील असे, एकमेकांवर चार इंच चढवून, पुढच्या भागाच्या सुलट बाजूवर ठेवा आणि भोवती शिवा. पाकिटासारखी पाठ तयार होते, चेन लागत नाही, बटण लागत नाही.

एवढं झालं की 42 चौकोनांचं, सहा बाय सातचं बाळाचं दुपटं जमतं. शिवल्यावर ते 27 बाय साडेएकतीस इंच होतं.

इथे कुणी म्हणेल, आमची आजी गोधडी शिवायची तेव्हा कुठे पट्टी होती? बरोबर आहे. पण गोधडीची रीतच निराळी. तिथे जुन्या लुगड्यांचे थर असतात, तुकडे वर ठेवून सगळे थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले असतात. भार जोडशिवणीवर पडत नाही, टाक्यांच्या ओळींवर पडतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात, तुकड्याची कड दुमडत, धावदोरा घालत, फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यावर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. तिथे प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा असला तरी बिघडत नाही. ज्यांना मापाचा कंटाळा आहे त्यांनी हा रस्ता धरावा. दोन्ही रस्ते खरे आहेत.

गिल्बर्ट राइल याने 1949च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये एक भेद मांडला : अमुक आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक करता येणं वेगळं. पाव इंच सोडायचा, हे आत्ता तुम्हांला माहीत झालं. ते हाताला येण्यासाठी आठ-दहा चौकटी शिवाव्या लागतील. हे भाषण त्याची जागा घेऊ शकत नाही. गोधड्या शिवणाऱ्या बायकांजवळ जे ज्ञान होतं त्याला आपण बराच काळ ज्ञान म्हटलं नाही, कारण ते वाक्यांत सांगितलेलं नव्हतं.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. पुष्कळ घरांत कपाटात आईची एखादी साडी असते. नेसली जात नाही, टाकवत नाही. हिचे चौकोन करून गोधडी करावी का? कात्री लावली तर ती साडी राहील का?

न्याय-वैशेषिक म्हणतात, पट हा तंतूंचा नुसता ढीग नाही. तंतू हे त्याचं समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, धोटा वगैरे निमित्त कारण. पट ही तंतूंहून वेगळी, नवी वस्तू आहे. बौद्धांना हे मान्य नाही. अवयवांपलीकडे अवयवी म्हणून काही नाही, ते आपण दिलेलं नाव आहे, असं ते म्हणतात. आपण नैयायिकांचं ऐकलं तर उत्तर स्पष्ट आहे : कापल्यावर ती साडी राहत नाही. गोधडीत साडी जिवंत आहे, असं म्हणून स्वतःची समजूत घालू नये. पण तुकड्यांतले तंतू तेच राहतात आणि त्यांतून एक नवा अवयवी उभा राहतो, जो रोज कुणाच्या तरी अंगावर पडतो. काय गेलं आणि काय आलं हे दोन्ही समोर ठेवून ठरवा. न कापण्याचा निर्णयही तितकाच योग्य असू शकतो. घरात भावंडं असतील तर त्यांना आधी विचारा, कारण ती साडी एकट्याची नसते.

कापायचं ठरलं तर काही पथ्यं पाळा. आधी साडी उलगडून पदरासह तिचा फोटो काढा. रेशीम घडीवर विरतं, ते भाग उजेडात धरून पाहा आणि सोडून द्या. उरलेल्या रेशमी तुकड्यांना मागून मऊ मलमल टाका घालून जोडा, नाही तर शिवण ओढली की कापड फाटेल. आणि त्या साडीला हात लावण्याआधी ब्लाऊजपीसच्या 42 चौकोनांचं दुपटं पूर्ण करा. पुन्हा मिळणार नाही अशा कापडावर हात शिकवायचा नसतो.

आजच्यापुरतं इतकंच. दोन चौकोन आणि जुना टॉवेल एवढं साहित्य आज रात्री घरात सापडेल. चौकटीपासून सुरू करा.